वस्ती खचली, की दोष ‘वृत्ती’चा?

एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचा सारांश असा : एकाच शहरातल्या दोन लगतच्या वस्त्या घ्या. हवा तीच, पाणी तेच, सरकार तेच. तरी एक वाढते, दुसरी खचते. मग फरक उरला तो माणसांच्या वृत्तीचा. पुढे पुरावेही जोडलेत : धमक असलेला माणूस कुठूनही वर येतो, लोकांनी परिसर नीट ठेवला असता तर ही वेळ आली नसती, आणि बाजार कुणाशी वैर धरत नाही, चांगल्या वस्तीत पैसा आपोआप येतो. सुस्थितीतल्या वाचकाला हे वाचून बरं वाटतं. मजकूर इतका पसरला यात म्हणूनच नवल नाही.

गडबड ‘हवा तीच’ इथूनच सुरू होते. इंग्लंडमध्ये वारा बहुतेक वेळा पश्चिम-नैऋत्येकडून वाहतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात कोळशावर चालणाऱ्या कारखान्यांचा धूर शहरांच्या पूर्वेकडच्या भागांवर पसरायचा. ज्यांना परवडलं ते धुरापासून लांब सरकले, बाकीचे राहिले. हेब्लिख, ट्र्यू आणि झिल्बरबर्ग या अर्थतज्ज्ञांनी सुमारे ७० शहरांतली जुनी धुराडी नकाशावर मांडली आणि त्यांचा धूर कुठे जात असेल याचं गणित केलं. जिथे धूर जास्त, तिथे गरिबी जास्त, हे त्यातून दिसलं. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर ओसरत गेला. गरिबीचा नकाशा मात्र बऱ्याच अंशी जुनाच राहिला.

‘पाणी तेच’ हेही खरं नाही. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली आणि जॉन स्नो या डॉक्टरांनी तिचा माग ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपापर्यंत काढला. ही गोष्ट अनेकांना माहीत असते. तिचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. ज्या घरांना तो पंप सगळ्यात जवळचा होता त्यांच्याभोवती एक रेषा काढता येते. साथीआधी या रेषेच्या आतली आणि लगेच बाहेरची घरं जवळजवळ सारखीच होती. अँब्रस, फील्ड आणि गोन्झालेझ यांनी जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा साथीनंतर दहा वर्षांनी रेषेच्या आतल्या घरांच्या किमती स्पष्टपणे कमी आढळल्या. हा फरक पुढची १६० वर्षं टिकला. कमावती माणसं साथीत दगावली, घरं आणखी गरीब झाली, रिकाम्या खोल्यांत कमी भाडं देऊ शकणारे भाडेकरू आले, आणि शेजार तसा झाल्यावर ऐपतदार माणूस तिकडे फिरकेना. कोणत्या घराला कोणता पंप जवळ, एवढ्यावरून दोन गल्ल्यांचं नशीब वेगळं झालं. यात वृत्ती कुठे शोधायची?

‘सरकार तेच’ हे मात्र अक्षरशः मान्य करू, कारण सरकार एकच असूनही हात दोन प्रकारे चालतो. अमेरिकेत १९३३ साली गृहकर्जदारांना वाचवण्यासाठी एक सरकारी महामंडळ निघालं. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले : उत्तम वस्ती हिरवी, ‘धोकादायक’ वस्ती लाल. वस्तीचं वर्णन भरायच्या छापील तक्त्यात तिथे कोणत्या लोकांचा ‘शिरकाव’ होतो आहे हे लिहायला वेगळा रकाना होता. कृष्णवर्णीय वस्त्या बहुतेक लालच ठरल्या. एक आक्षेप रास्त आहे. हे नकाशे बऱ्याच ठिकाणी आधीच सुरू झालेली घसरण नोंदवत होते आणि कर्जाची खरी दारं १९३४ मध्ये स्थापन झालेल्या गृहकर्ज-हमी देणाऱ्या सरकारी खात्याने बंद केली, असं काही इतिहासकार म्हणतात. पण दोष या खात्याचा की त्या, हा वाद मिटला तरी रहिवाशांची वृत्ती त्यात येत नाही. रंगांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना करणाऱ्या अभ्यासात, नकाशांनंतरच्या दशकांत घरमालकी आणि घरांच्या किमती यांतली दरी वाढलेली दिसते. ज्या घरावर कर्ज मिळत नाही ते सहजी विकलं जात नाही. दुरुस्ती लांबते, आणि मग पडका सज्जा पाहून कुणीतरी रहिवाशांच्या आळसावर मजकूर लिहितो.

आता धमक. ती मोजण्याची एक संधी खरोखर मिळाली होती. १९९४ ते १९९८ दरम्यान अमेरिकेतल्या पाच शहरांत अतिगरीब वस्त्यांतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांमध्ये सोडत काढली गेली. त्यातल्या एका गटाला कमी गरिबीच्या भागातच वापरता येईल असं भाडेसाहाय्य मिळालं. सोडत असल्यामुळे दोन्हीकडे धमक सारखीच वाटली गेली असणार. चेट्टी, हेंड्रेन आणि कॅट्झ यांनी नंतर पाहिलं, तर वयाच्या तेराव्या वर्षाआधी हललेल्या मुलांचं विशीच्या मध्यातलं उत्पन्न, सोडतीत साहाय्य न मिळालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे ३१ टक्के जास्त होतं. त्यांच्या आईवडिलांची कमाई मात्र वाढली नाही. नुसता पत्ता बदलून मोठ्यांचं नशीब उघडत नाही, हेही प्रतिवाद करणाऱ्याने सांगितलंच पाहिजे. पण लहानपणाची वर्षं कुठे गेली यावर मुलांचं बरंच काही ठरतं. शिवाय ज्यांना जमतं ते वस्ती सोडतात. मागे राहिलेल्यांकडे बोट दाखवून ‘बघा, इथे अशीच माणसं’ म्हणणं म्हणजे चाळणीत उरलेल्या कोंड्यावरून पिकाची प्रत ठरवणं.

परिसर नीट ठेवण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंडांवर रीतसर प्रयोग झाला : काही साफ करून हिरवे केले, काही नुसते साफ केले, काही तसेच ठेवले. गरीब वस्त्यांत, जिथे काम झालं तिथे गोळीबाराच्या घटना सुमारे २९ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे स्वच्छतेने फरक पडतो. पण ते भूखंड मालकांनी टाकून दिलेले होते. शेजारी राहणाऱ्यांचा त्यावर ना हक्क, ना खर्च करण्याची ऐपत. साफसफाईला बाहेरून पैसा आणि माणसं आणावी लागली.

राहिला निर्वैर बाजार. तो बघतो जवळ काय आहे ते. बर्लिनची फाळणी झाली तेव्हा पश्चिम बाजूच्या, जुन्या शहरकेंद्राला लागून असलेल्या जमिनींचे भाव कोसळले. १९८९ मध्ये भिंत पडली आणि त्याच भागांत भाव पुन्हा चढू लागले. भिंतीपासूनच्या अंतरानुसार लोकांची वृत्ती बिघडते आणि सुधारते, असं म्हणायला तो मजकूर लिहिणाराही धजणार नाही.

आणि वाढणाऱ्या वस्तीचं उदाहरण देताना एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते. भाडी चढली की अनेक जुने भाडेकरू उठतात, त्यांच्या जागी जास्त कमावणारे येतात, आणि वस्तीचं सरासरी उत्पन्न, शिक्षण, सगळंच वर गेलेलं दिसतं. जुन्यांपैकी एकाचीही मिळकत रुपयाने वाढलेली नसली तरी आकडे असेच दिसतील. म्हणून वस्तीच्या प्रगतीचा दाखला देणाऱ्याला आधी एवढंच विचारावं, की दहा वर्षांपूर्वी तिथे राहणारे आज कुठे राहतात.