थंडीत खुराडं गच्च बांधा म्हणणारा तो मेसेज

थंडी पडली रे पडली की तो मेसेज फिरायला लागतो. यंदापण आधी बचत गटाच्या ग्रुपवर आला, मग भावकीच्या, मग ज्यांच्या घरी कोंबडीचं पीसपण नाही अशा लोकांनीही मला पाठवला, ताई हे खरं आहे का म्हणून. मजकूर थोडक्यात असा: पारा घसरतोय, कोंबड्या गारठून पटापट मरणार, म्हणून खुराडं चारी बाजूनी ताडपत्रीनं गच्च बांधा, फट ठेवू नका, आत कोळशाची शेगडी नाहीतर रात्रभर मोठा बल्ब ठेवा, तुऱ्याला व्हॅसलिन चोळा, पाण्यात हळद-गूळ आणि थोडी देशी दारू टाका, आठवड्याला कोमट पाण्यानं अंघोळ घाला, अंडी बंद झाली तर थंडी लागली समजा, आणि अँटिबायोटिकची पुडी आधीच पाण्यात सोडा म्हणजे मर येणार नाही. खाली जनहितार्थ पुढे पाठवा.

मी परभणी जिल्ह्यात जिंतूर भागात पशुसखीचं, म्हणजे गावात जनावरं-कोंबड्यांची काळजी कशी घ्यायची ते सांगायचं काम करते, घरी स्वतःच्याही कोंबड्या आहेत, त्यामुळं दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. सगळाच मेसेज खोटा नाही, त्यातली बल्बची गोष्ट पिल्लांपुरती बरोबर आहे तिच्यावर येतेच, पण बाकीचं जसंच्या तसं केलं तर थंडीनं जी कोंबडी मरणार नव्हती ती उपायानं मरंल.

आधी ते गारठून मरण्याचं. मोठ्या कोंबडीचं अंग ४१ अंशाच्या आसपास गरम असतं, आपल्यापेक्षा चारेक अंश जास्तच, आणि वर पिसांची वाकळ पांघरलेली. थंडी वाजली की ती पिसं फुगवते, मधी हवा अडकते आणि अंगातली ऊब अंगातच राहते, चोच पंखात खुपसते, दांडीवर बसली तर पोटाची पिसं पायावर सोडून बोटंपण झाकून घेते. आणि आपल्याकडं थंडी म्हणजे किती हो? मराठवाड्यात सगळ्यात गार आपली परभणी, कृषी विद्यापीठात पारा ५-६ अंशावर आला की पेपरात शेकोटीचा फोटो छापून येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो, पण दुपारी परत २८-२९ अंश आणि लोक स्वेटर काढून खांद्यावर टाकतेत. जुन्या गावरान कोंबड्या आखाड्यावर लिंबाच्या झाडावर झोपायच्या, त्यांना भीती मुंगसाची आणि रानमांजराची होती, गारठ्याची नाही. आपल्या भागात हवामानानं कोंबडी मरते ती एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशात, त्याचा मेसेज मात्र कोणी पाठवत नाही.

थंडीत खरा त्रास कोणाला होतो तर जी कोंबडी ओली झाली तिला, आणि जी रात्रभर वाऱ्याच्या झोतात बसली तिला. अवकाळी पाऊस येऊन गेला आणि भिजलेल्या कोंबड्या तशाच डालल्या तर हो, तिथं थंडी बाधते. एवढं धरून ठेवा म्हणजे पुढचं पटकन कळंल.

आता ताडपत्री. इथं जरा जास्त बोलणार कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. कोंबडी लघवी वेगळी करत नाही, सगळं विष्ठेतूनच जातं, एक मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या जवळपास पाणी पिते आणि त्यातलं बरंचसं विष्ठेतून आणि श्वासातून खुराड्यातच बाहेर पडतं. चारी बाजूनी बांधलेल्या खुराड्यात दहा-बारा कोंबड्या संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत कोंडल्या की पत्र्याला आतून घाम सुटतो, पहाटं थेंब टपकतेत, खालचं भुसकट ओलं होतं, कोंबड्यांची पाठ ओली होते, म्हणजे ज्या ओलीपासून वाचवायचं होतं ती आपणच आत तयार केली. वरून ओल्या विष्ठेतून अमोनिया निघतो. हवेच्या दहा लाख भागात २५ भाग अमोनिया झाला की कोंबडीच्या श्वासनळीला त्रास सुरू होतो असं मानतेत, आत जे बारीक केसासारखे तंतू धूळ-जंतू बाहेर ढकलत असतेत ते निकामी होतेत आणि मग घरघर, शिंका, डोळ्यात फेस, सुजलेलं तोंड. घरचे म्हणतेत सर्दी झाली, थंडी लागली, आणि अजून एक पोतं लावतेत. बांधलं म्हणून आजारी पडली, आजारी पडली म्हणून अजून बांधलं, हे चक्र मी कितीतरी घरी बघते.

तपासायला मशीन लागत नाही. सकाळी उघडायच्या टायमाला गुडघ्यावर बसा, तोंड कोंबडीच्या उंचीवर न्या आणि वास घ्या. उभं राहून नाही, खाली वाकून, कारण ती खाली राहते. डोळे चुरचुरले तर तिचे रात्रभर चुरचुरत होते. आणि हे बाहेरून आलेल्या माणसाला करायला लावा, रोजच्या माणसाच्या नाकाला सवय होऊन जाते.

मग करायचं काय, तर वारा अडवायचा पण हवा नाही. आपल्याकडं हिवाळ्यात बोचरा वारा जास्त उत्तरेकडून येतो, ती बाजू पोत्यानं नाहीतर ताडपत्रीनं झाका, पण दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या जरा वरपर्यंतच. त्याच्या वर पत्र्याखाली वीतभर पट्टा उघडा सोडा आणि तिथं बारीक जाळी मारा नाहीतर मुंगूस तिथूनच येणार. ओली गरम हवा वर चढून तिथून निघून जाते आणि झोत अंगावर येत नाही. ऊन आलं की पोतं वर गुंडाळा, दहा वाजेपर्यंत तसंच ठेवलं तर आत भट्टी होते. ज्यांच्याकडं पऱ्हाट्याचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा कूड आहे त्यांनी तर काहीच करू नका भौ, कूड वाऱ्याचा जोर मोडतो आणि हवा खेळती ठेवतो, ताडपत्रीपेक्षा लाख पटीनं चांगला आणि फुकट.

खाली तीन-चार बोटं कोरडं भुसकट पाहिजे आणि ते दोन-तीन दिवसाला खालवर करायचं. मुठीत दाबून बघा, गोळा होऊन तसाच राहिला तर ओलं आहे, बदला. सोयाबीनचं भुसकट वापरत असाल तर परतीच्या पावसात भिजलेलं अजिबात घेऊ नका, त्याला काळी-हिरवी बुरशी असते, तीच फुफ्फुसात जाते आणि पिल्लं तोंड उघडं टाकून श्वास घेत मरतेत. ते पण लोक थंडीच्याच नावावर लिहितेत.

शेगडीचं तर एका वाक्यात: ठेवू नका. बंद जागेत कोळसा जळाला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि पक्ष्याला तो माणसाच्या आधी मारतो, इंग्लंडच्या कोळसा खाणीत गॅस कळावा म्हणून १९८६ पर्यंत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी न्यायचे ते ह्याचसाठी. शिवाय भुसकट, पऱ्हाट्या, पोतं, ह्या सगळ्याच्या मधी विस्तव ठेवायचा सल्ला कोण देतं बाप्पा.

रात्रभर बल्ब मोठ्या कोंबडीला नको. उजेडात तिला झोप लागत नाही, एकमेकीला टोचायला लागतेत, आणि रात्री दोनला लाईट गेली की उबेची सवय झालेली कोंबडी एकदम गारठ्यात. पण पिल्लांचं वेगळं आहे, आणि इथं तो मेसेज बरोबर आहे. पिल्लाला पिसं नसतेत, नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्याला ३३ ते ३५ अंश लागतेत, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचं, पाच-सहा आठवड्यानी अंगभर पिसं आली की सुटलं. खुडूक कोंबडीखाली असतील तर ती बघून घेते, पण उबवणी केंद्रातून किंवा गाडीवाल्याकडून गिरिराज, वनराज अशा सुधारित जातीची एक दिवसाची पिल्लं आणली असतील तर आई तुम्हीच. एका पिल्लाला साधारण दोन वॅट, म्हणजे पन्नास पिल्लाला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी नाही चालत, त्यानं ऊब येत नाही, आणि हे दुकानात लोक विसरतेत. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतेत: बल्बखाली ढीग करून चिवचिव करत असली तर गार पडलंय, लांब कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर जास्त झालं, सगळीकडं पसरून खात-पीत असली तर बरोबर. लाईट गेली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतेत आणि खालची गुदमरून मरतेत, म्हणून आडोसा गोल करायचा, कोपरा ठेवायचाच नाही. आणि लाईटचा भरवसा नसंल तर पिल्लं घरात आणा टोपलीत, लाज कशाची.

व्हॅसलिन. हे नक्की बर्फाच्या देशातून आलंय. तिकडं शून्याच्या बरंच खाली गेलं की तुऱ्याचं टोक गोठून काळं पडतं, कॅनडात तर क्युबेकमधल्या ओका इथल्या मठातल्या एका साधूनं मुद्दाम बारक्या तुऱ्याची शांतेक्लेर नावाची जात तयार केली. मजा म्हणजे तिकडचे अनुभवी लोकपण हेच सांगतेत की खुराड्यात ओल कोंडली की तुरा लवकर गोठतो, म्हणून वरचा झरोका बर्फातसुद्धा बंद करू नका. मेसेज लिहिणाऱ्यानं तिकडचं व्हॅसलिन घेतलं आणि झरोका तिकडंच ठेवला. आपल्याकडं तुऱ्यावर काळे फोड दिसले तर ते गोठणं नव्हं, कोंबड्यांचा देवी रोग असायची शक्यता जास्त, डॉक्टरला दाखवा.

दारूनं कातडीतल्या नसा फुगतेत आणि अंगातली उष्णता उलट बाहेर जाते, त्यामुळं नको. अंघोळ तर बिलकुल नको, भिजली की पिसातली हवा गेली आणि ऊब पण गेली. उवा झाल्या असतील तर चुलीची गार राख एका टोपल्यात ठेवा, त्या स्वतःच लोळतेत. हळद-गूळ चिमूटभर दिलं तर बिघडत नाही, गूळ जास्त झाला की हगवण लागून परत भुसकट ओलं. त्यापेक्षा साधं काम करा, सकाळी टाकीतलं रात्रीचं गार पाणी ओतून द्या आणि बोअरचं ताजं भरा, पहाटं ते कोमटच असतं, आणि संध्याकाळी डालायच्या आधी मूठभर ज्वारी, बाजरी नाहीतर मका जास्तीचा टाका. रात्रभर दाणा पचत राहतो आणि त्याचीच ऊब मिळते. शेगडीचं काम मका करतो.

अंड्याचं गणित थंडीपेक्षा उजेडाचं आहे. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला रोज १४ तासाच्या पुढं उजेड लागतो आणि आपल्याकडं डिसेंबरात दिवस ११ तासाचा होतो. त्यात पिसं झडायचा मोसम, नवीन पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, मग अंड्याला कुठून उरणार. सुधारित जातीच्या असतील आणि अंडी विकायची असतील तर पहाटं दोन-तीन तास साधा एलईडी लावा, इथं तो चालतो कारण ऊब नको उजेड पाहिजे, फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतेत. गावरान असंल तर ती वर्षाला ६०-७० अंडी देणारी, मधी खुडूक बसणारी, तिला जरा आराम करू द्या की. सोबत शेंगदाण्याची पेंड द्या. सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं टाकू नका, कच्च्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, भाजून भरडा करून द्या.

शेवटचा मुद्दा अँटिबायोटिकच्या पुडीचा, आणि ह्याच्यावर मला खरा राग आहे. एका रात्रीत पाच-सात कोंबड्या गेल्या की ती थंडी नसते. हिरवट-पांढरी हगवण, मान वाकडी, पंख लुळे, ही मानमोडी म्हणजे राणीखेत, विषाणूचा रोग, त्याच्यावर कोणतीच अँटिबायोटिक चालत नाही. पुडीनं तुमचे पैसे जातेत, औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ती अंडी तुमचीच लेकरं खातेत. कोलिस्टिन नावाचं एक औषध तर सरकारनं २०१९ मधी कोंबड्या-जनावरांसाठी बंदच केलं, माणसाच्या शेवटच्या उपायाचं औषध आहे म्हणून, तरी अर्धवट माहितीवर पुड्या मागणारे आहेतच. आणि दुसरी शंका बर्ड फ्लूची. जानेवारी २०२१ मधी परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला सुमारे ८०० कोंबड्या मेल्या, नमुने तपासले तर बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मधी उदगीरला कावळे पडले तो पण बर्ड फ्लूच. दोन्ही वेळी महिना कोणता ते बघा. हिवाळ्यात बाहेरचे पक्षी तळ्या-धरणावर येतेत, आणि त्याच दिवसात थंडीनं मेली म्हणून मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकायची, कुत्र्यानं गावभर ओढायची, नाहीतर मरायला लागली म्हणून घाईनं कापून खायची, हे बंद करा. मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलू नका, हातात पिशवी घाला, तोंडाला फडकं बांधा, बाकीच्या बाहेर सोडू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात नाहीतर १९६२ ह्या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइन नंबरला फोन करा. नीट शिजवलेल्या अंड्या-मटणाला घाबरायचं कारण नाही, भीती कच्च्याची आणि हाताळण्याची.

मानमोडीवर लस आहे आणि स्वस्त आहे. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात परत, आणि आठव्या आठवड्याच्या पुढं आर-टू-बी टोचायची. अडचण एवढीच की एक कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासात संपवावी लागते, दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार. म्हणून गल्लीतल्या बायांनी एक दिवस ठरवा, कुपी बर्फाच्या थर्मासमधी आणा, पहाटं खुराडं उघडायच्या आधी सगळ्यांचं उरकून टाका, कारण एकदा सोडल्या की गावरान कोंबडी काय हाताला लागत नाही. आजारी दिसंल तिला त्या दिवशी लस देऊ नका. तारीख ठरली की ग्रुपवर टाका, दवाखान्यात लस शिल्लक आहे का ते मी आदल्या दिवशी विचारून ठेवते.