शुद्धीत असलेल्या रुग्णाने पाळावयाचे शिष्टाचार

पाठीवर लिंबाएवढी झालेली चरबीची गाठ काढून घेण्यासाठी आपण टेबलावर पालथे झोपला असाल, तर एक गोष्ट आधीच मनावर ठसवून घ्यावी: बधिर होणार आहे ती फक्त पाठीची दोन-तीन इंच कातडी, तरीही कान, तोंड आणि चेहरा हेही बधिर असल्यासारखे वागणे ही आपली जबाबदारी आहे. पूर्ण भूल दिलेला रुग्ण ती आपोआप पार पाडतो, त्यात त्याचे काही कर्तृत्व नसते. आपल्याला मात्र मेहनत घ्यावी लागेल.

सुई टोचण्यापूर्वी ‘मुंगी चावल्यासारखे वाटेल’ असे डॉक्टर सांगतील. मुंगी कोणत्या जातीची, हे विचारू नये. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे द्रावण, विशेषतः रक्तस्राव कमी व्हावा म्हणून त्यात अ‍ॅड्रेनालिन मिसळलेले असले तर, आम्लधर्मी असते आणि कातडीखाली शिरताना तिथली जागा फुगवते, म्हणून ते झोंबते. पण हे ज्ञान पाजळण्याची ती वेळ नव्हे. त्यापेक्षा १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी हे औषध तयार केले, तेव्हा त्यांचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते स्वतःलाच टोचून पाहिले होते, हे आठवावे आणि गप्प राहावे. त्याच्याही आधी, १८८४ साली, कार्ल कोलर यांनी कोकेनचे द्रावण स्वतःच्या डोळ्यात घालून तिथे टाचणी लावून पाहिली होती. आपल्याकडे तर नुसती पाठ मागितली आहे.

मग ‘दुखतंय का?’ असा प्रश्न येतो. हे औषध वेदना वाहून नेणारे बारीक मज्जातंतू आधी बंद पाडते. दाब आणि ओढ कळवणारे जाड तंतू पुष्कळदा जागेच राहतात. त्यामुळे दुखत काहीच नसते, पण अंगातल्या सदऱ्याचे बटण कोणीतरी आतल्या बाजूने ओढून काढत आहे, एवढे स्वच्छ कळत असते. ‘दुखत नाही, पण कळतंय’ हे प्रामाणिक उत्तर ऐकायला तिथे कोणालाही वेळ नसतो. खरोखरच दुखले तर ‘दुखतंय’ म्हणावे, आणखी दोन सीसी मिळतात. एरवी ‘नाही’ म्हणून मोकळे व्हावे.

नजर कुठे ठेवावी, हा प्रश्न टेबलाच्या कडेने दिसणारी फरशी सोडवते. मला एक कोपरा उडालेली फरशी आणि सिस्टरांची निळी स्लिपर, तिच्या पट्ट्याला गुंडाळलेल्या चिकटपट्टीसह, पाऊण तास पाहायला मिळाली. वर डॉक्टर आणि सिस्टर सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणाविषयी बोलत होते. अशा वेळी आपले मत, कितीही रास्त असले तरी, देऊ नये. पाठ बोलू लागली की माणसे दचकतात, आणि दचकणाऱ्याच्या हातात काय आहे याचा विचार आपणच करायचा असतो. मध्येच केस जळल्यासारखा वास येतो. तो कॉटरीचा, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी जागा जाळणाऱ्या उपकरणाचा, आणि पर्यायाने आपलाच असतो. ‘अरेच्चा’ हा शब्द ऐकू आला, तर तो पार्किंगविषयीच आहे असे मानावे.

गाठ तिच्या आवरणासकट अखंड निघाली पाहिजे, तिचा तुकडा आत राहिला तर ती पुन्हा वाढू शकते. म्हणून ती सबंध निघाल्यावर डॉक्टर ती स्टीलच्या ट्रेमध्ये घालून आपल्या नाकासमोर आणतात. इथे ‘वा’ म्हणणे अनिवार्य आहे. नंतर ती फॉर्मेलिनच्या बाटलीत, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी बाहेर ताटकळलेल्या मेव्हण्याच्या हातात जाते. पॅथॉलॉजीतला मुलगा बाटलीवरचे आपले नाव मोठ्याने वाचून ‘पेशंट कुठे आहे?’ असे विचारतो, तेव्हा मेव्हण्याने बोट बाटलीकडे दाखवले, तर रागावू नये.