कॅक्टसच्या कुंडीत समुद्राची वाळू भरू नका

सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: कॅक्टस हे वाळवंटातलं झाड, त्याला माती नको, खत नको. कुंडीत एक तृतीयांश दगड घाला, वर समुद्राची वाळू भरा. वाळू धुऊ नका, कारण तिच्यातल्या क्षारांमुळे बुरशी लागत नाही आणि फुलं भरपूर येतात. पुरावा म्हणून समुद्रकाठचा फड्या निवडुंग बघा. महिन्यातून एकदा अंड्याची टरफलं आणि चहाचा चोथा टाका. नर्सरीवाले हे सांगणार नाहीत, म्हणून सगळ्यांना पाठवा.

आमच्या आत्यालाही कोणीतरी तो पाठवला. ती रत्नागिरी जिल्ह्यात हर्णैजवळ राहते, किनारा हाकेच्या अंतरावर. तिने पिशवी भरून वाळू आणली आणि इतकी वर्षं मायेने वाढवलेले कॅक्टस त्यात लावले. मी बघितलं तेव्हा कुंड्यांच्या काठावर पांढरी पुटं चढली होती. गोल कॅक्टसला बुडाशी बोट लावलं तर ते आत गेलं. साल वरून हिरवी, आतला गर तपकिरी, पाणी सुटलेलं, आंबूस वास. मृग तोंडावर आलाय, हा संदेश अजून फिरतोच आहे आणि खाली लोक अंगठे दाखवतायत. म्हणून लिहिणं भाग आहे.

आधी वाळूचं बघू, कारण खरी हानी तिथे आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ती वाळू वाळली की पाणी उडून जातं, मीठ कणांवर बसून राहतं. कुंडीत आपण पाणी घातलं की ते विरघळतं आणि मुळांभोवतीचं पाणी इतकं खारट होतं की मुळांना ते ओढून घेता येत नाही. भिजलेल्या कुंडीत झाड तहानेने सुकतं. सुरकुत्या दिसल्या की आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण आणखी घालतो. मुळं आधीच दुखावलेली, त्यात सतत ओल. बुरशी शिरते ती याच वाटेने. क्षारांनी बुरशी रोखली जाते हे संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य आहे. मुळं कुजवणारी बुरशी थांबवायला लागेल इतकं मीठ कुंडीत असेल तर कॅक्टस तिच्याआधी मरेल.

धुऊन घेतली तर चालेल का, हा पुढचा प्रश्न मला हमखास येतो. दहा पाण्यांनी धुतली तर मीठ बरंच जाईल, पण कण बारीक ते बारीकच राहणार. आपल्या किनाऱ्यावरची बरीचशी वाळू इतकी बारीक असते की ओली झाल्यावर घट्ट बसते आणि कणांमध्ये हवेला जागाच उरत नाही. शिवाय तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुना. बहुतेक कॅक्टसना किंचित आम्ल माती मानवते. चुन्याने ती उलट्या बाजूला जाते, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि नवी वाढ पिवळी पडते. आणि झाडाचा विचार बाजूला ठेवला तरी किनाऱ्यावरून वाळू उचलण्यावर सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी जपण्यासाठीच्या, सरकारी नियमांचे निर्बंध आहेत. आंजर्ले, वेळासला त्याच वाळूत कासवं अंडी घालतात. कुंड्यांसाठी ती उचलू नये.

आता तो फड्या निवडुंग. तो समुद्रकाठी जगतो हे खरं, मान्य आहे. खारं वारं सोसणाऱ्या कॅक्टसच्या जाती आहेतच. पण तो निवडुंग जमिनीत आहे, त्याची मुळं लांबवर पसरलेली आहेत आणि दर पावसाळ्यात त्या जमिनीतलं मीठ धुऊन निघतं. पडवीतल्या चार इंची कुंडीत मीठ जाणार कुठे? शिवाय एक जात सोसते म्हणून नर्सरीतून आणलेली दुसरी सोसेल असं नाही.

मुळात वाळवंट म्हणजे नुसती वाळू ही समजूतच चुकीची आहे. उंच हातांचा सग्वारो कॅक्टस अमेरिकेतल्या ॲरिझोनात वाढतो तो बहुतेक खडकाळ, मुरमाड उतारांवर. सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर कॅक्टस फारसे सापडत नाहीत. तिथल्या टक्सन शहरात वर्षाला सुमारे 300 मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात तो 3000 च्या वर जातो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. पाऊस नसेल तेव्हाही हवा दमट. म्हणजे टक्सनच्या माणसाने वापरलेलं मिश्रणसुद्धा आपल्याकडे जसंच्या तसं चालेल असं नाही. आपलं त्याहून भरड हवं. सगळे कॅक्टस वाळवंटातले नसतातही. ड्रॅगनफ्रूट कॅक्टसच आहे. ख्रिसमस कॅक्टस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळच्या दमट जंगलातला, झाडांच्या फांद्यांवर साठलेल्या पालापाचोळ्यात वाढणारा. त्याला कोरड्या वाळूत लावणं म्हणजे उपाशी ठेवणं.

तळाच्या दगडांचा मुद्दा एकट्या या संदेशाचा नाही, आपल्या आजीपासून सगळे तेच करत आले. पण तो चूक आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी बागकामातल्या अशा समजुती एकेक करून तपासल्या आहेत आणि या समजुतीवर त्यांचं लेखन अगदी स्पष्ट आहे. बारीक कणांच्या थरातलं पाणी खालच्या जाड कणांच्या थरात सहज उतरत नाही. वरचा थर पुरता ओथंबला तरच ते खाली सरकतं. त्यामुळे दगड घातले की तळाशी राहणारा ओला पट्टा नाहीसा होत नाही, तो दगडांच्या उंचीइतका वर चढतो, थेट मुळांपाशी. भांडी घासायचा स्पंज पाण्यातून काढून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग उभा करा. पुन्हा पाणी गळेल. उंची वाढली की पाणी जास्त सुटतं आणि दगड भरून आपण नेमकी मातीची उंचीच कमी करतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं पुरे. खडे हवेच असतील तर वर, कॅक्टसच्या बुडाभोवती पसरा. बूड कोरडं राहतं.

अंड्याची टरफलं कुजायला फार वेळ घेतात, त्यातून झाडाला लवकर काही मिळत नाही. चहाचा चोथा ओल धरतो, त्यावर बुरशी आणि चिलटं येतात. दोन्ही आळूच्या वाफ्यात टाका.

एक गोष्ट मात्र त्या संदेशात बरोबर आहे: शेणखत कालवलेल्या नुसत्या लाल मातीत कॅक्टस लावू नये. पावसाळ्यात ती चिखल होते आणि मग विटेसारखी बसते. पण म्हणून खत अजिबात नको, हे त्यातून निघत नाही. थोडं हवंच.

मग घालायचं काय? तीन ते सहा मिलिमीटरची बारीक खडी दोन भाग. जांभ्याचे (कोकणातल्या लाल, सच्छिद्र दगडाचे) किंवा पक्क्या भाजलेल्या विटेचे त्याच मापाचे तुकडे एक भाग. चाळलेलं पानांचं खत किंवा गांडूळखत एक भाग. शिवाय मूठभर लोणारी कोळशाचे तुकडे. बांधकामावर चिरे तासतात तिथे जांभ्याचे तुकडे पडलेले असतात, मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. त्यातला पिवळट, बोटाने चुरडणारा भाग घेऊ नका, आणि कच्ची वीटही नको. दोन्हींचा पावसात गाळ होतो. खडी आणि तुकडे पिठाच्या चाळणीने चाळा, खाली पडेल ते टाकून द्या, वर उरेल ते धुऊन घ्या. सगळ्या मिश्रणाचा जीव या चाळण्यात आहे आणि कंटाळा नेमका इथेच केला जातो. ख्रिसमस कॅक्टससाठी पानांचं खत दुप्पट करा. लाल-पिवळ्या डोक्याच्या कलमी कॅक्टसचा खालचा हिरवा दांडा बहुधा ड्रॅगनफ्रूटच्या जातकुळीतला असतो, त्यालाही खत थोडं जास्त चालतं.

कुंडी मातीची घ्या. भरून झाली की झाड लावण्याआधी तांब्याभर पाणी ओता, ते वर न साचता खाली गेलं पाहिजे. दोन दिवसांनी झावळीची एक हीर तळापर्यंत खुपसून बाहेर काढा. ओली आली, कण चिकटून आले, तर खडी वाढवा.

ज्यांनी वाळू भरली आहे त्यांनी पहिल्या सरीची वाट बघू नये. झाड उपटा, मुळांवरची वाळू साध्या पाण्याने धुवा, काळी-मऊ मुळं कापा आणि सावलीत आठवडाभर उघडं सुकू द्या. नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या मुळांशी कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा असेल तर तोही सोडवून काढा. बूड मऊ झालं असेल तर स्वच्छ सुरीने बुडापासून वरच्या दिशेने चकत्या कापत जा, कापात तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत, आणि उरलेला शेंडा सुकवून कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा. पडवीत, उजेड येईल पण पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही.