देश चालवायचाय? आधी सगळ्यांशी काडीमोड घ्या

देश चालवायची हौस असेल तर अल्बेनियाचे कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा यांची शिकवणी लावा. गृहस्थ मुळात मास्तर, कोर्चा शहरात फ्रेंच शिकवायचे. १९४४ पासून १९८५ साली मरेपर्यंत त्यांनी अख्खा देश वर्गात बसवून ठेवला. खिडक्या बंद, मधली सुट्टी रद्द.

मैत्री करायची ती मोठ्या घराशीच, म्हणजे मोडताना चार गावांत कळतं. होजांनी १९४८ साली युगोस्लाव्हियाशी फारकत घेतली आणि तिकडे ओढा असलेल्या आपल्याच गृहमंत्र्याला पुढच्या वर्षी मृत्युदंड दिला. मग मॉस्कोशी सूत जुळलं. पण सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी आपल्याच आधीच्या स्टालिनला नावं ठेवली, ते काही सहन झालं नाही. १९६१ साली तेही घर सोडलं. सोडताना चार सोव्हिएत पाणबुड्या मात्र ठेवून घेतल्या. अंगावरचे दागिने कुणी परत करतं का? राहता राहिला चीन. त्याने अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना पाहुणचाराला बोलावलं आणि तोही बाटला. १९७८ मध्ये चीनची मदत बंद झाली. त्याआधीच, १९७६ च्या राज्यघटनेत, परदेशी कर्ज घ्यायला बंदी लिहून ठेवली होती. उद्या कुणी उभं करणार नाही हे ओळखून आजच मानी व्हावं, ते असं.

एकटे पडलात की शत्रूच्या स्वागताची तयारी करा. होजांनी देशभर जवळपास पावणेदोन लाख बंकर बांधले. लोकसंख्या जेमतेम अठ्ठावीस लाख. काँक्रीटची कढई उपडी घालावी तसे ते दिसतात. शेतात, द्राक्षमळ्यात, समुद्रावर, कबरस्तानाशेजारी. स्वतःसाठी राजधानी तिरानाजवळच्या डोंगरात अणुहल्ल्यातही टिकेल असा १०६ खोल्यांचा वेगळा बंकर. शत्रू आला नाही. पण 'येणार, येणार' हे रोज सांगत राहिलं की त्याने प्रत्यक्ष यायची गरजच उरत नाही.

देवाचं काय? १९६७ मध्ये मशिदी आणि चर्चना कुलपं लावली, जगातलं पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणून मिरवलं. श्कोदरच्या कॅथेड्रलमध्ये खेळांचे सामने होऊ लागले. दाढीवरही बंदी होती. न्हाव्यांचं तरी भलं झालं म्हणायचं.

घरातल्या माणसांकडे मात्र नीट लक्ष असू द्या. मेहमेत शेहू सत्तावीस वर्षं पंतप्रधान, होजांचा उजवा हात. त्यांच्या मुलाने सोयरीक जुळवली ती नेमकी अशा घरात, ज्यांचे नातलग अमेरिकेत पळून गेलेले कम्युनिस्टविरोधी. डिसेंबर १९८१ मध्ये शेहू गोळी लागून मेलेले आढळले. आत्महत्या, असं जाहीर झालं. मागाहून कळलं की ते अमेरिका, रशिया आणि युगोस्लाव्हिया या तिघांचे हेर होते. एकाच वेळी! सत्तावीस वर्षं सरकार सांभाळून वर तीन ठिकाणी पार्टटाइम, माणूस भारी कष्टाळू असणार. बायकोमुलं तुरुंगात गेली. घराण्याच्या या हिशेबाला तिथे 'बिओग्राफी' म्हणत: आज्याने काय केलं, मामा कुठे पळाला, यावरून तुम्हाला कॉलेजात जागा मिळणार की दूरच्या खेड्यात रवानगी होणार ते ठरायचं. आपल्याकडे लग्न जुळवताना चुलत्यांची चौकशी होते, तिथे नांगर धरायला पाठवताना व्हायची.

निवडणुका जरूर घ्या. १९८२ साली सोळा लाखांहून जास्त मतं बाजूने पडली, विरोधात एक. ते एक कुणाचं, याचा विचार करत मी बराच वेळ बसलो होतो.

एका गोष्टीला मात्र जपा: डबे. लोक रिकाम्या पत्र्याच्या डब्यांचे अँटेना करून रात्री गुपचूप इटलीचं टीव्ही केंद्र पकडायचे. डबा इकडे फिरव, तिकडे फिरव, मुंग्या-मुंग्यांतून अचानक साबणाची जाहिरात. शेजारच्याला कळू नये म्हणून आवाज बारीक. मित्रदेश तोडता येतात, बंदरं बंद करता येतात. हवेतून येणाऱ्या साबणाचं काय करणार?

ऑगस्ट १९९१ मध्ये दुर्रेस बंदरात 'व्लोरा' नावाचं जहाज क्युबाची साखर घेऊन आलं. त्यावर सुमारे वीस हजार माणसं चढली, दोरांना, शिड्यांना लटकून, आणि कप्तानाला म्हणाली, चला इटलीला. इटलीतल्या बारी शहराच्या धक्क्याला जहाज लागलं. किनाऱ्यावरचे बंकर तेव्हाही समुद्राकडे तोंड करून इमानाने उभे होते. येणाऱ्याला अडवायचं एवढंच त्यांना सांगितलं होतं.