सेक्रेटेरियट प्रजननात फसला नव्हता

‘सेक्रेटेरियट धावला अफाट, पण त्याच्या पोटी काहीच निपजलं नाही,’ असा या अमेरिकन शर्यतीच्या घोड्याबद्दलचा मजकूर फिरतो आहे. पहिला भाग बरोबर. १९७३ मध्ये त्याने अमेरिकेचा ट्रिपल क्राउन, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती, जिंकला. बेलमाँट स्टेक्सचं दीड मैलाचं अंतर २ मिनिटं २४ सेकंदांत कापलं, ३१ लेंग्थने (म्हणजे घोड्याच्या ३१ लांबींनी) पुढे राहून. तो विक्रम आजही अबाधित आहे.

दुसरा भाग मात्र या घोड्यावर सरळ अन्याय आहे. त्याच्या तोडीचं एकही शिंगरू जन्मलं नाही, एवढंच खरं. त्याची मुलगी लेडीज सीक्रेट १९८६ ची ‘हॉर्स ऑफ द इयर’, तर मुलगा रायझन स्टार १९८८ च्या प्रीकनेस आणि बेलमाँटचा विजेता. शिवाय त्याचा खरा वारसा मुलींकडून पुढे गेला, आणि तिकडे असं लिहिणारे बघतच नाहीत. टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट, वीकएंड सरप्राइजच्या पोटी ए. पी. इंडी, सीक्रेटेमच्या पोटी गॉन वेस्ट. तिघेही पुढे नामांकित स्टॅलियन (पैदाशीचे घोडे) झाले.

आणि त्याच मजकुरात सांगितलेलं सेक्रेटेरियटचं २२ पौंडांचं हृदय? ते कधी तराजूवर ठेवलंच नव्हतं. १९८९ मध्ये शवविच्छेदन केलेल्या पशुवैद्यांनी नंतर बांधलेला तो अंदाज आहे.