मागचे ब्रेक ‘नावालाच’ असतात म्हणे

हा मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांतून आला. शेवटचा मेव्हण्याने पाठवला, खाली ‘तुमच्या आठशेला उपयोगी’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: जुन्या गाडीचे मागचे ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणारा पोकळ ड्रम, त्याला आतून दाबणारे दोन कमानदार शू) नावालाच असतात, 90 टक्के काम पुढची डिस्क करते, तेव्हा मागे काही बिघडलं तर गॅरेजात पैसे घालवू नका. पेडल खोल जात असेल तर हँडब्रेकचा नट आवळा. आवाज येत असेल तर पॉलिश पेपरने शू घासा, धूळ हवेच्या पाइपने उडवा. शूवर ऑइल उतरलं असेल तर पेट्रोलने धुऊन काडी लावा, नव्यासारखे होतात. पावसात चाक चिकटलं तर रेस देऊन क्लच झटक्यात सोडा. आणि बिघाड असेल तीच बाजू उघडा.

माझी मारुती आठशे 1997 ची. चिपळुणात उघड्यावर उभी असते आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढते-उतरते. मी मिस्त्री नाही, पण तिचे मागचे ड्रम इतक्या वेळा उघडलेत की मेसेजमधल्या दोन युक्त्या मी स्वतः करून पस्तावलो आहे.

आधी त्या 90 टक्क्यांचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, हे खरं. किती झुकतं ते मात्र कागदावर काढता येतं. आठशेच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2,175 मिमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर धरा. सणसणीत ब्रेक मारला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 0.6 पट, तर एकूण वजनातला 14 टक्के भार मागून पुढे जातो. एकटा चालक बसलेला असताना पुढे-मागे वाटणी साधारण 60-40 धरली, तरी मागे 26 टक्के उरतात. आता रस्ता ओला आहे, टायर तेवढे धरत नाहीत, 0.3 पटच ब्रेक लागतोय. मग पुढे जातात फक्त 7 टक्के आणि मागे राहतात 33. मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत तांदळाचं पोतं असेल तर त्याहून जास्त. म्हणजे ओल्या रस्त्यावर भरलेली गाडी थांबवताना मागच्या चाकांचा वाटा उलट वाढतो, आणि मेसेज म्हणतो ते नावालाच.

मागचे ब्रेक मुद्दाम थोडे सौम्य ठेवलेले असतात, हे कबूल. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते, म्हणून बऱ्याच गाड्यांत मागच्या लाइनीवर दाब रोखणारा व्हॉल्व्ह असतो. पण सौम्य असणं निराळं आणि नसणं निराळं. आणि हँडब्रेक कशावर चालतो? त्याच मागच्या शूंवर.

आता हँडब्रेकचा नट. ही चूक मी केलेली आहे. ती फसवी अशासाठी की लगेच ‘लागू पडते’. नट आवळला की तार दोन्ही शू ड्रमकडे ताणून धरते, पेडल वर येतं, माणूस खूश. शूच्या पत्र्यावरचा घासणारा थर, म्हणजे लाइनर, झिजला असेल तर मात्र झिजलेलाच राहतो. शिवाय ज्या गाड्यांत झिजेप्रमाणे शू आपोआप ड्रमजवळ आणणारा दातेरी अ‍ॅडजस्टर असतो, तिथे शूला पूर्ण मागे जाऊन टेकावं लागतं, तरच अ‍ॅडजस्टर पुढचा दात पकडतो. तार ताठ असली की शू मागे जातच नाही आणि अ‍ॅडजस्टर झोपतो. वर शू सतत घासत राहतो. ड्रम तापला की फुगतो आणि फुगला की शूपासून लांब जातो. डिस्कचं असं होत नाही. म्हणजे अंगणात वर आलेलं पेडल घाटात पुन्हा खाली. मी पोफळीला उतरून थांबलो तेव्हा मागच्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, आणि जळक्या लाइनरचा वास गाडीत भरला होता.

नटाला हात लावण्याआधी दोन मिनिटांची परीक्षा करा. गाडी सपाटीवर, इंजिन बंद, चाकांना दगड. पेडल दाबून किती खोल जातं ते बघा. मग हँडब्रेक दोन-तीन टिक ओढा आणि पुन्हा दाबा. आता पेडल चांगलंच वर आलं तर दोष मागच्या शू आणि ड्रममधल्या फटीत आहे. फरकच पडला नाही तर दोष बहुधा त्या फटीत नाही, दुसरीकडेही शोधा. पण तेवढ्यावरून मागचे शू निर्दोष समजू नका. लागोपाठ दाबल्यावर वर येतं पण पायाला स्पंजासारखं लागतं? लाइनीत हवा आहे. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू जमिनीकडे सरकतं? आधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधा. कुठेच गळती नाही, बाटलीतलं ब्रेक ऑइलही उतरत नाही, तर मास्टर सिलेंडरचं, म्हणजे पेडलच्या जोरावर ऑइलला दाब देणाऱ्या पंपाचं, रबर गेलं. चार दुखणी आहेत, आणि मेसेजकडे चारींवर औषध एकच: नट.

आणि फट निघालीच, तर आधी तार पूर्ण सैल करायची, ड्रम काढून लाइनर बघायचा, ड्रम हाताने फिरवताना शू जेमतेम घासतोय इतका अ‍ॅडजस्टर उघडायचा आणि सगळ्यात शेवटी तार. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक पाच ते सात टिकांवर धरला की बरोबर. लाइनर पत्र्यापासून 1 मिमी उरला असेल, किंवा रिबिट मारलेला असेल आणि रिबिटांची डोकी ड्रमला भिडायला आली असतील, तर अ‍ॅडजस्टर फिरवत बसू नका. बदला. ड्रमही किती खाल्लाय ते मोजा. आतला व्यास जास्तीत जास्त किती चालेल, तो आकडा बहुतेक ड्रमवरच ओतलेला असतो. त्यापलीकडे गेलेला ड्रम लेथवर मारून आणलात तरी तो भंगारच.

पेट्रोल आणि काडीपेटी. अंगणात, मुलं भोवती, हे कुणी लिहू कसं शकतं असं वाटतं. पण जुन्या गॅरेजांत हे चालायचं, मी पाहिलंय. आगीचा धोका बाजूला ठेवला तरी उपयोग नाही. लाइनर आतून सच्छिद्र असतो. वरचं ऑइल जळतं, आत मुरलेलं राहतं आणि ब्रेक तापले की पुन्हा वर येतं. मग एक मागचं चाक धरतं, दुसरं घसरतं. त्यात पेट्रोल व्हील सिलेंडरच्या (ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या नळीच्या) टोपीवर उडालं तर तिथलं रबर फुगतं. ते ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं, पेट्रोल-डिझेल त्याला सोसत नाही.

खरा प्रश्न ऑइल आलं कुठून हा आहे, आणि त्याचं उत्तर ओल कुठे आहे यावरूनच बहुधा मिळतं. व्हील सिलेंडर बहुतेक गाड्यांत वरच्या बाजूला असतो. त्याच्या खाली ओघळ आहे, टोपी उचलल्यावर आतून पातळ द्रव वाहतो, म्हणजे ब्रेक ऑइल. ओल मधून, अ‍ॅक्सलच्या बाजूने पसरलीय, दाट आहे आणि कुजक्या गंधकासारखा वास येतो, तर ते डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरपेटीचं, गिअर ऑइल. हे दुसरं फक्त इंजिन मागची चाकं फिरवतं त्या गाड्यांत: ओम्नी, अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जीप. तिथे सिलेंडर बदलून काही होणार नाही, अ‍ॅक्सलचं सील बदलावं लागतं. त्याआधी डिफरन्शियलच्या घराचं श्वासाचं भोक चिखलाने बुजलंय का तेही बघा. ते बुजलं की गरम झालेली आतली हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते, आणि नवं सीलही चार महिन्यांत गळायला लागतं. आठशेसारख्या गाडीला मागे गिअर ऑइलच नाही. तिथे पातळ ओल म्हणजे सिलेंडर, चिकट ओल म्हणजे बेअरिंगचं ग्रीस.

सिलेंडर बदलला की ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घाला. हे ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं. डॉट 3 प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान 205 अंश सेल्सिअस असतो, 3.7 टक्के पाणी शिरल्यावर तो 140 अंशांवर आला तरी नियमात बसतो. कोकणातल्या माळ्यावर झाकण सैल ठेवलेला मागल्या वर्षीचा डबा कशाच्या लायकीचा असेल ते ओळखा.

धुळीबद्दल मी हट्टी आहे. हवेच्या पाइपने ती उडवू नका. जुन्या लाइनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं आहे, युरोपियन युनियनने 2005 पासून त्यावर बंदी घातली, आणि त्याचा आजार वर यायला 20 ते 40 वर्षं लागू शकतात. म्हणून तर ‘आम्हाला काही झालं नाही’ असं सांगणारे भेटतात. ब्रेक क्लीनरचा फवारा किंवा साबणाचं पाणी मारून धूळ ओली करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आवाजाचं म्हणाल तर पावसानंतर सकाळी येणारी खरखर वरवरच्या गंजाची असते, दोन-तीन ब्रेकांत जाते. न जाणारी चूं चूं बहुतेकदा शूची कड ज्या उंचवट्यांवर सरकते ते कोरडे पडल्याने येते. त्यावर उष्णता सोसणारं ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं लावा, आणि लाइनरला लागू देऊ नका.

चिकटलेल्या चाकाला झटका दिल्याने चाक सुटतं, हे खरं. कधी कधी लाइनरही सुटतो. चिकटवलेला लाइनर पत्र्यापासून उखडून ड्रमलाच बसतो, हा माझा दुसरा पस्तावा. हँडब्रेक पूर्ण खाली करा, पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून हलकेच घ्या. तरी हलत नसेल तर चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने गोल फिरत ठोका. आणि जुलैत आठ दिवस गाडी उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढूच नका. गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा.

राहिलं ‘बिघाड असेल तीच बाजू उघडा’. शू नेहमी दोन्ही बाजूंचे बदलायचे, नाहीतर ब्रेक असमान लागतात आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू वाकडी जाते. पण दोन्ही ड्रम एकाच वेळी मोकळे करू नका. एक बाजू पूर्ण बसल्यावरच दुसरी उघडा. कुठली स्प्रिंग कुठे, याचा नमुना समोर राहतो. फक्त तो आरशातला नमुना आहे हे लक्षात ठेवा. चांदणीचाक असलेल्या अ‍ॅडजस्टरला एका बाजूला डावे आटे असतात, दुसऱ्या बाजूला उजवे. अदलाबदल झाली तरी तो मुकाट बसतो, आणि मग जवळ यायच्या ऐवजी शू दर वेळी थोडे थोडे लांब जात राहतात.