भाऊबंदकी आणि कुयांग

गेल्या महिन्यात आमच्या घरमालकांच्या मुलाच्या पदग्रहणाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. पांढरा एप्रन, पांढरे हातमोजे घातलेला मुलगा आणि शेजारी तसाच एप्रन बांधलेले त्याचे सत्तरीतले वडील. अर्ध्या तासात चुलतभावाचा प्रश्न आला, ‘हे फ्रीमेसन ना? गुपचूप जगावर राज्य करणारे?’ आत्यानं काळजीनं लिहिलं, परक्या मुलखात असल्या भानगडीत पडू नकोस. शेवटी माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं विषय संपवला: ‘दादा, शपथ घेऊन कोणी भाऊ होत नसतं. भाऊ रक्ताचाच.’

या वाक्याचा मला राग आला. अजून तो उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

मी फिलिपिन्सच्या काविते प्रांतातल्या इमुस शहरात चौदा वर्षं राहतोय. फ्रीमेसन, थोडक्यात मेसन, म्हणजे शपथ घेऊन एकमेकांना भाऊ मानणाऱ्या पुरुषांची जुनी संघटना; तिच्या शाखेला लॉज म्हणतात. इथे ते शोधावे लागत नाहीत. गुण्या आणि कर्कटक ही गवंड्याची हत्यारं आणि मधे ‘जी’ हे अक्षर, असं चिन्ह गाड्यांच्या काचांवर दिसतं, फाटकांवर दिसतं, शाळेला वह्या वाटल्या की त्या फलकावरही दिसतं. चारचौघांत एकमेकांना ‘कुयांग’ म्हणतात, म्हणजे दादाच. आमच्या घरमालकांचे आजोबा मेसन, वडील मेसन. ते स्वतः शाळेत असल्यापासून डीमोले या मेसनांच्या मुलग्यांसाठीच्या संघटनेत, मुलगाही तसाच. चुलतभाऊ यालाच लगेच घराणेशाही म्हणाला. पण इथे वडील मुलाला ‘ये’ म्हणत नाहीत. मुलानं स्वतः मागावं लागतं, मग चौकशी होते, मग बंद पेटीत पांढरे-काळे गोळे टाकून मतदान. घरमालकांनी मुलाच्या मागण्याची सहा वर्षं वाट पाहिली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. आमच्याकडे किती बापांना एवढा धीर आहे?

गुप्त कशाला, असं विचारणाऱ्यांना मी इथली तारीख सांगतो: १२ सप्टेंबर १८९६. त्या दिवशी स्पॅनिश सरकारनं काविते शहरात तेरा जणांना गोळ्या घातल्या, त्यातले बरेचसे मेसन होते. आज प्रांतातल्या एका शहराचं नावच त्रेसे मार्तिरेस, म्हणजे तेरा हुतात्मे, आहे. रोज सकाळी आगिनाल्दो हायवेवर बसच्या पाटीवर मी ते नाव वाचतो. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मनिलात इथले राष्ट्रपुरुष होसे रिसाल यांना गोळ्या घातल्या. माझ्या खिशातल्या एक पेसोवर रिसाल आहेत, पाचवर बोनिफासिओ, दहावर माबिनी. तिघेही स्वातंत्र्यलढ्यातले, तिघेही मेसन. पाद्र्यांची सत्ता घरात, शेतात, शाळेत पसरलेली असताना माणसांनी दार लावून बोलायचं नाही तर कुठे?

आणि हे सगळं आपल्या मुंबईला परकं नाही. मुंबईच्या गोऱ्या लॉजनं माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना दारात उभं केलं नाही. ते पॅरिसला जाऊन मेसन झाले, परतले, तरी दार बंदच. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली भारतीयांना घेणारं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ काढलं. रिसाल आणि त्यांचे मित्र असेच स्पेनमध्ये मेसन झाले, मग मनिलात फिलिपिनोंचं ‘निलाद’ लॉज उभं राहिलं. फोर्टमधल्या फ्रीमेसन हॉलसमोरून माझा तो चुलतभाऊ नोकरीला जात असे. आत कोण बसतं याची त्याला कधी उत्सुकता वाटली नाही. आता मात्र खात्रीनं सांगतोय की ते जग चालवतात!

चर्चचा विरोध आहे, तो मी लपवत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्याच दुमागेते शहराच्या बिशपांच्या पत्राला उत्तर देताना व्हॅटिकननं पुन्हा बजावलं की कॅथलिकांना मेसन होण्याची बंदी कायम आहे. घरमालक दर रविवारी चर्चमध्ये मिसाला जातात, शेवटच्या बाकावर बसतात, कम्युनियनच्या प्रसादाची रांग पुढे सरकली की बसूनच राहतात. त्यांची बायको रांगेत जाते. त्या दोघांमधलं ते पाच मिनिटांचं अंतर पाहून मला वाटतं, दोन घरांचं होणं काय असतं ते हा माणूस जाणतो.

भाचीनं विचारलेला प्रश्न मात्र खरा होता: बायका कुठे आहेत? त्यांच्यासाठी ईस्टर्न स्टार आहे, मुलींसाठी जॉब्ज डॉटर्स आहे, असं मी लिहिलं. ते उत्तर मलाच पुरेसं वाटलं नाही. काचेवरचं चिन्ह पाहून ट्रॅफिक पोलिसानं हात खाली घेतलेलाही मी पाहिलाय.

पण माझ्या नातेवाइकांनी बंधुत्वाचे धडे द्यावेत? आपल्या भाषेत भाऊबंदांच्या नात्याला जो शब्द आहे, भाऊबंदकी, त्याचा अर्थ भांडण असा होतो. दापोलीजवळच्या आमच्या आंब्याच्या बागेसाठी आजोबा आणि त्यांचे सख्खे भाऊ सव्वीस वर्षं कोर्टात होते. मी पुण्यात ज्या वसतिगृहात राहून शिकलो तिथे नावाआधी जात विचारत. मला खोली मिळाली, माझ्या वर्गमित्राला मिळाली नाही. तेव्हा मी काही बोललो नाही. इथे, जिथे रस्त्यावरची पोरं कुठल्याही भारतीयाला ‘बुम्बाय’ म्हणतात आणि त्यांच्या मनात मोटरसायकलवरून ‘पाच-सहा’चं, म्हणजे पाच देऊन सहा घेण्याचं, व्याज गोळा करणारा पंजाबी असतो, तिथे गिरगावात जन्मलेल्या मला कोणी कुळ विचारलं नाही.

२०२१ च्या मे महिन्यात बाबा गेले. एप्रिलच्या २९ तारखेपासून फिलिपिन्सनं भारतातून येणाऱ्यांना बंदी केली होती. गेलो असतो तर परत येता आलं नसतं, नोकरी गेली असती. मी गेलो नाही. घरमालकांनी आपल्या लॉजमध्ये कोणाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण तेरा दिवस रोज संध्याकाळी कोणीतरी फाटकावर भात आणि भाजी ठेवून गेलं. मांस नाही, मासे नाहीत, बागोओंग ही इथली आंबवलेल्या मासळीची चटणीसुद्धा नाही. सगळ्यांची नावंही मला माहीत नाहीत. मी त्यांचा सभासद नव्हतो, आजही नाही.

भावाला मी ग्रुपवर हेच लिहिलं. सोबत कातिपुनानचंही लिहिलं: बोनिफासिओ मेसन होता, १८९२ साली त्यानं ही क्रांतिकारी संघटना काढली, मेसनांचे विधी उचलले, सभासद स्वतःच्या हाताच्या रक्तानं सही करून भाऊ होत. रक्तच हवं असेल तर हे घे, असं मी लिहिलं आणि फोन बाजूला ठेवला.

त्यापुढचं लिहिलं नव्हतं. ते आता लिहितो. १० मे १८९७ रोजी बोनिफासिओला याच कावितेत, मारागोंदोनच्या डोंगरात, मारलं ते स्पॅनिशांनी नाही. क्रांतिकारकांचाच नेता आगिनाल्दो, त्याच्या सरकारच्या हुकमानं मारलं. आगिनाल्दोही मेसन, तोही कातिपुनानचा. आणि बोनिफासिओबरोबर मरणारा दुसरा माणूस होता त्याचा सख्खा भाऊ, प्रोकोपिओ. मारागोंदोनला आम्ही गेलो होतो तेव्हा घरमालक त्या जागी बराच वेळ टोपी काढून उभे राहिले. काही बोलले नाहीत.

बाबांच्या वेळी भाऊ एकटा होता. पीपीई किट घालून त्यानं सगळं केलं, अस्थी आठ महिने कपाटात सांभाळल्या. मी आल्यावर विसर्जन करायचं म्हणून. मी आलो तेव्हा आमचं पहिलं बोलणं बागेच्या सातबाऱ्यावरून झालं, आणि ते मी सुरू केलं.

लॉजमध्ये येतोस का, असं मला चौदा वर्षांत कोणी विचारलेलं नाही. विचारायचं नसतंच, मागायचं असतं. कितीदा फाटकापर्यंत जाऊन मी घरमालकांशी पावसाबद्दल बोलून परत आलोय. बाबांच्या वर्षश्राद्धाला मी त्यांना जेवायला बोलावलं होतं. वरणभात त्यांना आवडला. हात धुताना त्यांनी सहज विचारलं, ‘त्या दिवसांत तुझ्या भावाकडे जेवण कोण पोचवत होतं?’

मला माहीत नव्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं.